छाप सरकलेला रुपया

मी कट्टा गावचा फोटोग्राफर. लग्नं-मुंजी-बारशांत आयुष्य गेलं, आणि राग कायम नाकावर. मिठबावच्या निवृत्त गुरुजींनी ‘माझ्या चुकलेल्या नाण्यांचे फोटो काढ’ म्हटलं, तेव्हा मी आधी फिस्कारलोच. चुकलेली म्हणजे टांकसाळीतूनच बिघडून निघालेली. संग्राहकांसाठी एक सूचीपुस्तक छापलं जाणार होतं, आणि त्यात गुरुजींना चक्क चार पानं मिळाली होती.

पहिला मान एका रुपयाचा. छाप एका बाजूला सरकलेली, कडेला कोरी चंद्रकोर. नोकरीच्या पहिल्या दिवशी कंडक्टरने तो सुट्ट्यांत त्यांच्या गळ्यात मारला होता. एकही दुकानदार घेईना, म्हणून ठेवला, आणि तिथून हा नाद लागला.

खिडकीपाशी पांढरा कागद पसरून मी तोच रुपया फोकस जमवायला घेतला. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, “आधी देवाक गाऱ्हाणा घालूया रे, मगे तुझो कॅमेरो.” गाऱ्हाणं म्हणजे काम सुरू करण्याआधी ग्रामदेवाला घालायचं साकडं. उठताना रुपया नकळत माझ्या खिशात गेला.

देवळात मानकऱ्यांनी नारळ ठेवला, पान-सुपारीचा विडा मांडला आणि विचारलं, “इड्यार रुपयो खंय?” हल्ली सगळा कारभार मोबाईलवर, गुरुजींच्या खिशात एक नाणं नाही. मी खिसा चाचपला आणि मोठ्या ऐटीत रुपया विड्यावर ठेवला. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी म्हणायचं ‘व्हय म्हाराजा’सुद्धा सगळ्यांत मोठ्याने मीच म्हटलं!

घरी येऊन बघतो तर कागद रिकामा. “वस्तू सांभाळूक येत नाय, तर फोटो कित्याक काढून घेतास?” मी गुरुजींवरच ओरडलो. बिचारे ओणवे होऊन खाटेखाली शोधू लागले. मग माझा हात खिशाकडे गेला आणि विड्यावरचा रुपया आठवला.

“गुरुजी, तो मीच देवाक दिलंय.”

ते चिडले असते तर परवडलं असतं. नुसते खाटेवर बसले. “देवाक दिलेला मागे घेवचा नसता,” एवढंच बोलले. डोळे भरले होते. मला माझीच लाज वाटली.

तरी त्यांना ओढतच देवळात नेलं. विडा होता तसाच होता. मानकऱ्यांनी आमचं ऐकून घेतलं, रुपया उजेडात धरला आणि उखडलेच. “अरे, ह्येची छाप अर्धी! देवाक असलो रुपयो? लाज वाटत नाय? आधी दुसरो घेवन ये!”

मी धावतच समोरच्या दुकानात गेलो. बिस्किटांचे चार पुडे घेतले, तेव्हा कुठे दुकानदाराने एक धड रुपया हुडकून दिला.

येताना गुरुजी वाटभर हसत होते. “दुकानदारान घेतल्यान नाय, देवानय घेतल्यान नाय. माझोच तो!”

फोटो झकास आला. खालची नोंद ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. छाप सरकलेली. स्थिती उत्तम. ‘पूर्वी कोणाकडे’ या रकान्यापाशी थांबले, चष्मा पुसला आणि शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, “लिही. ग्रामदेवाकडे, दीड तास.”