वर्गात एकोणीस, पेटीत वीस

मी शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी मला उशीर झाला. मढच्या पुढच्या एका वाडीतली ती दोनशिक्षकी शाळा. "जीप पंक्चर झाली," मी मुख्याध्यापिका भालेराव बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुठलं चाक?" मी ते बघितलंच नव्हतं. तिसरी-चौथीची पोरं टक लावून बघत होती आणि तनुजा नावाची एक मुलगी चक्क वहीत लिहून घेत होती.

ती बातमीदार होती. दर शनिवारी मुलं ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर 'वाडीची खबर' लिहीत आणि रस्त्याकडच्या भिंतीवर लावत. कुणाची शेळी व्याली, कुठला नळ गळतो, असलंच सगळं. पण बाई प्रत्येक बातमीला अडवत. "कुणी सांगितलं? तू बघितलं का? मंग जा, बघून ये." त्या मूळच्या अवसरी बुद्रुकच्या. रागावल्या की बोलण्यात गाव उतरायचं.

गावात निवडणुकीचे भोंगे फिरू लागले, तेव्हा मुलांनी विचारलं, मत म्हणजे काय? बाई म्हणाल्या, "सांगून काय कळणार? घेऊन बघू." वर्गप्रतिनिधीसाठी तीन उमेदवार उभे राहिले. चिन्हं पेरू, बादली आणि फणी. फणी सोनालीची. त्याच वर्षी शाळेत आलेली, अबोल मुलगी. मधल्या सुट्टीत एकटीच बसायची. हिला एकही मत पडणार नाही, हे मला दिसत होतं. मतदान संपल्यावर पेटी माझ्याकडेच होती. मी एका चिठ्ठीवर फणीपुढे खूण केली आणि आत सरकवली.

मोजणी झाली. पेरू अकरा, बादली आठ, फणी एक. सोनाली खाली मान घालून हसली. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात तनुजा उठली. तिनं सगळ्यांच्या बोटांवरची शाई तपासली आणि म्हणाली, "बाई, बोटं एकोणीस हायेत आन् मतं वीस. एक कुठनं आलं?"

बाई खूश झाल्या. पुढचे दोन दिवस मुलांनी शोध घेतला. चिठ्ठ्या ताडून पाहिल्या, एकमेकांना खोदून विचारलं, पेटी उलटी करून बघितली. तिसऱ्या दिवशी तनुजा माझ्यासमोर वही घेऊन उभी राहिली. "सर, पेटी कुणाकडं व्हती?"

शाळा सुटल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, मायेपोटी केलंय, समजून घेतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बातमी छापायची," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावासकट."

"बाई, गावात तोंड कसं दाखवू?"

"तुमचं बघू नंतर. आधी त्या पोरीला सांगा. तिला ते भिंतीवर वाचायला लागू नये. तिनं घरी सांगितलं असंल, मला एक मत पडलं म्हणून. कुणाचं असंल याचा विचार करत बसली असंल ती. लई वाईट केलंत राव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोनालीला पायरीवर गाठलं आणि सांगितलं. ती बोटानं पायरीवरची माती कोरत राहिली.

"मंग माझी खरी मतं किती?"

"एकही नाही."

"मी पेरूला दिलं व्हतं." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "सोताला दिलं तर चालतं?"

"चालतं की."

"मंग परत घ्या."

शुक्रवारी पुन्हा मतदान झालं. या वेळी पेटी तनुजाकडे होती. पेरू दहा, बादली आठ, फणी एक.

शनिवारचा अंक लागला. माझं पूर्ण नाव मथळ्यात होतं. शेताकडे जाणारी माणसं थांबून वाचत आणि मग माझ्याकडे वळून बघत. मी तिथंच उभा राहिलो, कारण बाईही माझ्या शेजारी उभ्या होत्या. खाली सोनालीची मुलाखत होती, तनुजाच्या अक्षरात. "एकच मत पडलं, कसं वाटतं?" असा प्रश्न होता. आदल्या दिवशी मी त्या उत्तराची भाषा सुधारायला पेन काढलं होतं, तेव्हा बाईंनी माझा हात धरला होता. म्हणून ते जसंच्या तसं राहिलं: "बरं वाटतं. कुणाचं हाये ते मला म्हाईत हाये."