ठरावाआधीच्या सह्या

मंडळी, आज सकाळी तामसीजवळच्या एका गावात ग्रामसभेची बातमी करायला गेलो होतो. बौद्ध वस्तीच्या घरकुलांसाठी राखलेली जागा कापसाच्या गोदामाला द्यायची का, हा विषय होता.

आमच्याकडची रीत अशी की आत शिरताना चहा घ्यायचा आणि रजिस्टरात सही करायची. सह्यांच्या वर अर्धं पान कोरं असतं. ठराव सचिव नंतर सावकाश लिहितात. संस्कृत नाटकात भरतवाक्य शेवटी येतं, आपल्या लोकशाहीत ते नांदीआधीच उरकतात. दोन मास्तरांनी सह्या केल्या होत्या. सवयीनं मीही केली, आणि मी तर त्या गावचाही नाही!

अडल्या फक्त सुमनबाई. शेतमजुरी करतात, त्याच जागेत घर मिळेल म्हणून थांबल्यात.

“बाई, सारेच करून राह्यले,” सचिव म्हणाले.

“आंधी लिहा, वाचून दाखवा, मंग करतो. कोऱ्या कागदाले अंगठा काऊन देऊ?”

“नुसती हजेरी हाय, बाई.”

“मंग तेवढंच लिहा ना, सायेब.”

सगळे बघत होते, म्हणून सचिवांनी ‘हजेरी’ लिहिलं, वाचूनही दाखवलं. सुमनबाईंनी त्यांच्याच हातातलं पेन घेतलं, उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ ओढली आणि मग खाली अंगठा दिला.

त्या सह्यांच्या वर ठरावाला जागाच उरली नाही. सभा पुढच्या आठवड्यावर गेली. जागा वाचली असं मी म्हणत नाही.

सांगा बरं, तुम्ही शेवटची सही केलीत तेव्हा वर काय लिहिलं होतं?