वरच्या पट्टीची माती

आमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत मुलं आधी माती वर न्यायची आणि मग मामाच्या गावाला जायची. हे पुण्यात हॉस्टेलवर सांगितलं तर मैत्रिणी म्हणाल्या, माती वर म्हणजे कुठे वर? म्हणून एकदाचं नीट लिहूनच टाकते.

संगमनेरहून पुण्याकडे येताना घाट चढला की पठार लागतं. तिथे डोंगराच्या पोटाशी आमचं वावर आहे. सलग नाही, उतारावर पायऱ्यांसारख्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला दगडी बांध. सगळ्यात वरची पट्टी आईची लाडकी. तिथे माती इतकी पातळ की टिकाव मारला की लगेच मुरूम लागायचा, पण तिथल्या बाजरीची भाकरी गोड असते असं आईचं ठाम मत. आणि खरंच असायची, मी काही आईची बाजू घेत नाहीये.

पावसाळ्यात पाणी वरून येताना पट्टीतली बारीक चांगली माती घेऊन यायचं. बांधापाशी आलं की थबकायचं, माती खाली बसायची आणि पाणी दगडांच्या फटीतून निघून जायचं. म्हणजे वर्षभरात पट्टीचं वरचं टोक उघडं पडणार आणि खालचं जाड होणार. मग मे महिन्यात आम्ही ती बांधाची माती घमेल्यात भरून परत वरच्या टोकाला नेऊन पसरायचो. दरवर्षी. पाण्याने खाली आणायची, आम्ही वर न्यायची. मला तर लहानपणी वाटायचं सगळीकडे असंच करतात.

आप्पा, म्हणजे माझे वडील, खाली फावड्याने भरून द्यायचे. आई, मोठी आई म्हणजे थोरली चुलती, तिचा मुलगा म्हणजे आमचा दादा, आणि मी, डोक्यावर चुंबळ ठेवून ओळीने वर. मोठी आई माझं घमेलं बघून म्हणायची, "एवढ्या मातीत मेथी तरी उगंल का गं?" दुपारी बांधाच्या सावलीत कलिंगड दगडावर आपटून फोडायचो, सुरी कोण आणतंय. बिया तिथेच थुंकायच्या. मग जूनमध्ये बाजरीत कलिंगडाची रोपं यायची आणि आई खुरपताना आमच्या नावाने बोटं मोडायची. किती भारी होतं ते सगळं, अंग दुखायचं पण भारी.

मग बैल म्हातारे झाले, विकले. दादाने ट्रॅक्टर घेतला. घरचाच ट्रॅक्टर म्हटल्यावर सगळे खूश. पण बैल नांगर आडवा ओढायचे, उताराला छेद देऊन, त्यामुळे प्रत्येक तास, म्हणजे नांगराची रेघ, एक छोटासा बांधच व्हायचा. दादाने वरची पट्टी उभी नांगरली, वरून खाली, सरळ.

आई म्हणाली, "आडवं घे की रं."

"काकी, आडवं घेतलं तर ट्रॅक्टर पलटी हुईल. मंग मलाच घमेल्यात भरून न्यावं लागंल."

सगळे हसले, आईसुद्धा हसली. आणि त्याचं चूक नव्हतंच, तो उतार आहेच तसला.

त्या वर्षी, म्हणजे गेल्याच वर्षी, पेरणी झाल्यावर पाऊस जो गेला तो गेलाच. जमीन पिठासारखी झाली. आणि श्रावणात एका दुपारी ढग असा फुटला की ओसरीवरून समोरची गोठ्याची भिंत दिसेना. बाजरी तेव्हा गुडघ्याएवढी. थोड्या वेळाने पायवाटेवरून पाणी यायला लागलं. आधी गढूळ, मग पार चहासारखं. आई दारात उभी राहून ते बघत होती.

"वरची पट्टी आली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. नांगराच्या प्रत्येक तासाची ओघळ झालेली. बाजरीची मुळं हवेत लोंबत होती. खाली सगळ्या ओघळी एकत्र होऊन बांधावर चढल्या होत्या, बांध मधोमध फुटला होता आणि दगड ओढ्यात.

तरी यंदाच्या मे महिन्यात आम्ही घमेली घेऊन गेलो. सवयच ती. मी तर खास सुट्टी काढून गेले होते. आणि बांधापाशी वर न्यायला मातीच नव्हती. आप्पा फावडं धरून नुसते उभे. आईने पायाने खरवडून बघितलं, मुरूम. मोठी आई म्हणाली, आज लवकर सुटलो म्हणायचं. कोणी हसलं नाही, ती पण नाही.

दादाला फार लागलं होतं. खालचा पाझर तलाव आटला होता, लोक ट्रॉल्या भरून गाळ नेत होते. तो म्हणाला, ती आपलीच माती आहे काकी, मी आणून टाकतो. माझा तर जीव भांड्यात पडला. आई मात्र वर पट्टीकडे बघत राहिली.

"आणशील रं. आन श्रावणात ती परत तळ्यात जाईल. तिला बसायला जागाच न्हाई ऱ्हायली."

मग गाळ खालच्या पट्ट्यांना गेला आणि दादाने ओढ्यातले दगड ट्रॉलीने जमेल तिथपर्यंत आणले. पुढे हातानेच. बांध परत रचला. जूनमध्ये ओढ्यापलीकडच्या चाचांची बैलजोडी मागून आणली, हाकायला चाचाच आले. आईने ठरवलं होतं, हुलगा म्हणजे कुळीथ पेरायचा, आडवा. हुलग्याचे वेल जमिनीवर पसरतात, थेंब पानावर पडतो, मातीवर नाही. बाजरी उभी वाढते, मधली जमीन उघडीच राहते.

पण तिच्या कमरेला बाजरीच्या बियाण्याचं फडकंही खोचलेलं होतं. चाचांनी ते बघितलं. हुलगा पेरत पेरत शेवटच्या कडेला आले आणि बैल थांबवले.

"वहिनी, इथं दोन तास बाजरी टाकायची का?"

आईने फडकं सोडलं. मूठ भरून घेतली. बांधापर्यंतचा उतार बघितला, बराच वेळ बघितला. मग मूठ परत फडक्यात रिकामी केली.

"नको. हुलगाच येऊ द्या."

गेल्या रविवारी घरी गेले होते. पट्टी हिरवीगार आहे, मुरूम दिसत नाही. जोराचा पाऊस होऊन गेला होता आणि बांधाच्या आतल्या बाजूला बोटभर गाळ बसला होता, मी हात लावून बघितला, मऊ लोण्यासारखा. दादाला लगेच फोटो पाठवला.

रात्री आईने संगमनेरच्या बाजारातून आणलेल्या बाजरीची भाकरी केली. मी म्हटलं, मस्त झालीय गं.

तिने एक घास खाल्ला. "बरी हाय," म्हणाली आणि पुढची थापायला घेतली.