दुसऱ्यांदा वाफवलेली काच

जावातल्या सोलो शहराहून निघालेला रस्ता कार्तासुराला जिथं फुटतो, तिथं चिंचेखाली बसून सुगिमान मोटारींचे दिवे उजळून द्यायचा. काच म्हणायची आपली, पण असतं ते प्लास्टिक. काही वर्षं ऊन खाल्लं की पिवळं पडतं, धुरकटतं, मग दिवा लावला काय आणि न लावला काय, सारखंच. सुगिमान ती काच ओल्या पॉलिश पेपरनं घासायचा. आधी खरखरीत, मग मऊ, मग अगदी रेशमासारखा कागद. शेवटी चोचीच्या किटलीत औषध तापवून त्याची वाफ काचेवरून फिरवायचा. वाफ लागली की काच अशी झळझळायची की एका गिऱ्हाइकानं त्यात बघून भांग पाडला होता. खोटं नाही सांगत.

हात सोन्याचे होते गड्याचे. पण जिभेला शब्द एकच यायचा, 'होय'.

तसं आमच्या मुलखात तोंडावर 'नाही' कुणीच म्हणत नाही, ते अडाण्याचं लक्षण. पण बाकीच्यांना नकाराची रीत ठाऊक असते. 'होय' जरा लांबवायचं, मान तिरकी करायची, भाताच्या पिकाची चौकशी करायची. समोरचा ओळखतो, चहा संपवतो आणि उठतो. सुगिमानला ती रीत कधी साधलीच नाही. त्याचा 'होय' आपला कढईतून काढल्यासारखा ताजा, गरमागरम! एकदा तो एकाच दिवशीच्या दोन लग्नांत मांडव घालायला 'होय' म्हणाला, आणि कुठल्याच घरी तोंड दाखवायला नको म्हणून दिवसभर नदीवर मासे धरत बसला. गाव हसून हसून लोळलं.

लास्त्री, त्याची बायको, तेवढी हसली नाही. सुगिमानच्या भावानं गोठ्यावर घालायला याच्याच घराची कौलं मागितली, त्यालाही हा 'होय' म्हणून बसला होता. त्या पावसात लास्त्री लहानग्या मुलीला पोटाशी धरून गळक्या घरात पातेली मांडत फिरली. पाऊस सरल्यावर माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "अहो, तुम्ही वाईट नाही. पण तुमच्या शब्दावर मी घर कसं उभं करू? एकदा, एकदाच कुणाला तरी तोंडावर 'नाही' म्हणून दाखवा. मी चालत परत येईन."

"होय," सुगिमान म्हणाला.

आणि मग एका सकाळी सासरेच गाडी घेऊन चिंचेखाली हजर. बापाक नोतो यांचा टोफूचा धंदा. माल घेऊन रोज अंधारातच बाजार गाठायचा आणि गाडी आपली जुनीपुराणी. मागच्या सीटवर लास्त्री, तिच्या मांडीवर मुलगी पेंगलेली. सुगिमानच्या हातातला कागद गळून पडला.

"परवा गाडी बांधावर चढवली रे," बापाक नोतो म्हणाले, "दिवे पार मेलेत. ही लास्त्री म्हणाली, बाहेर कुठं कशाला जाता, त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही."

ती तसं म्हणाली होती! सुगिमान लाजून पाणी आणायला पळाला.

घासता घासता त्याचं बोट अडलं. काचेच्या खालच्या कडेला, पट्टीखाली, थिजलेला एक बारीक ओघळ होता. गाडीच्या आधीच्या मालकानं कधीतरी या काचेला वाफ दिली होती. आणि एकदा वाफ खाल्लेल्या काचेला पुन्हा वाफ दिली, की ती उन्हाळ्यातल्या चिखलासारखी तडकते. कागदानं घासून, मेण चोळून भागलं असतं. झळाळी आली नसती, पण उजेड पडला असता.

बापाक नोतो चहा घेऊन आले. "वाफ देणार ना? अगदी नव्यासारखी करून दे बाबा मला."

समोरच्या टपरीत इबू तुमिनाह तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, भजी तळत होती. ती ओरडली, "हात का थांबला रे? काचेत सासू दिसली का?"

लास्त्री गाडीतून उतरली. किती वर्षं तिनं त्याची ती किटली भरून दिली होती. तिची नजर ओघळावर गेली, मग त्याच्याकडे.  ती वाट बघत होती, हे सुगिमानला स्वच्छ दिसलं. अख्खं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. 'नाही, बापाक. या काचेला वाफ चालायची नाही.' एवढंच.

"होय, बापाक," तो म्हणाला.

किटली फिरली. काच क्षणभर पाण्यासारखी नितळ झाली आणि म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. मग कोपऱ्यातून एक केसाएवढी रेघ निघाली. तिला फाटे फुटले. बघता बघता सगळ्या काचेवर कोळ्यानं जाळं विणावं तसं झालं.

"असू दे, असू दे. होतं कधी कधी," बापाक नोतो घाईघाईनं म्हणाले. "दुसरी तरी नीट होईल ना?"

आता तरी! पण तीही काच त्याच मालकाची, त्याच वाफेची, आणि जीभही तीच.

"होय, बापाक."

दुसरीही गेली. तसल्या गाडीच्या काचा आता भंगारातसुद्धा मिळत नाहीत. बापाक नोतो रागावले नाहीत, नुसते हसले. आमच्याकडे सासरा असा हसला, की जावयानं पुन्हा त्या उंबऱ्याला पाय लावायचा नसतो.

लास्त्री जवळ आली. "ओघळ दिसला होता ना तुम्हाला?"

त्यानं मान डोलावली.

"मला वाटलं, निदान माझ्या बापासाठी तरी बोलाल." आवाजात राग असता तर सुगिमानला धरायला काहीतरी मिळालं असतं. ती जाऊन मुलीशेजारी बसली.

बापाक नोतोंनी खिडकीतून डोकं काढलं. परवानगी मागावी तसं अगदी मऊपणानं विचारलं, "मग पोरीचं नाव आमच्याकडच्याच शाळेत घालतो. चालेल ना तुला?"

सुगिमाननं गाडीचं दार घट्ट धरलं. मुलगी जागी होऊन त्याच्याकडे बघत होती. इबू तुमिनाह झारा टाकून रस्त्यात आली. "बोल की रे मेल्या! पोरगी तुझी आहे!"

त्यानं तोंड उघडलं.  लास्त्रीही पुढं वाकली, शेवटची.

"होय, बापाक. चालेल."

लास्त्रीनं खिडकीची काच वर केली. सुगिमाननं स्वतःच दारावरचा हात काढला, गाडीला निघायला अडचण नको म्हणून. तिकडं इबू तुमिनाहची भजी कढईत काळी होत होती, पण ती तिथंच उभी राहून त्याला शिव्या घालत होती, आणि तो मान खाली घालून एकेका शिवीला मान डोलावत होता.