दारावरचा चिखल

भेस्तानच्या त्या मेकॅनिकला काहीही सांगा, आपलं वाक्य संपायच्या आत तो म्हणतो, "हुई जाई, शेठ." काम नाजूक असलं की त्याच्या जिभेचं टोक बाहेर येतं. माझ्या जुन्या डिझेल फोर-बाय-फोरला मोठा इंटरकूलर बसवताना ते दिवसभर बाहेर होतं. टर्बोची तापलेली हवा त्यात थंड होते आणि मग गाडी चढावर धापा टाकत नाही, हे व्हिडिओत ऐकलेलं ज्ञान मी त्यालाच ऐकवलं.

"पण गाडी जाते कुठे, शेठ?"

"शहरातच, पर्वत पाटिया भागात. माझ्या दुकानात."

वाटेतला सगळ्यात मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल, हे मी बोललो नाही.

संध्याकाळी तो ट्रायलला गेला आणि तासाभराने उगवला. गाडी खिडक्यांपर्यंत चिखलाने माखलेली. "कडोदऱ्याकडे पडीक रानात घातली. काय ओढते, शेठ!" माझ्या गाडीने पहिल्यांदाच डांबर सोडलं होतं, तेही मला न घेता.

मी चिडणारच होतो. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या साडीवाल्याने "कुठल्या जंगलात गेला होता?" असं विचारलं आणि मी नुसताच थकल्यासारखा हसलो.

आठवड्याने पाइपचे क्लॅम्प आवळून घ्यायला गेलो. चिखल वाळला होता, एका दारावरचा तर गळून पडला होता. त्याने गाडीभोवती फेरी मारली.

"धुऊन देऊ?"

"नको. फक्त ते दार जरा..."

"हुई जाई, शेठ."

त्याने ओंजळभर माती भिजवली आणि जिभेचं टोक बाहेर काढून दारावर नीट लिंपली.