हरिणीला केलेला आग्रह

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्याला तर मी सुपरमार्केटच्या रांगेतलं भांडणही रंगवून सांगते. बडबडी बाई मी. पण या गोष्टीपाशी आलं की जीभ टाळ्याला चिकटते.

दोन हजार वीसच्या डिसेंबरात, नागपुरात आई गेली. मी इकडे आयर्लंडमध्ये, कासलबारला. विमानं, नियम, चाचण्या... नाही जमलं. तेराव्याचा स्वयंपाक इथेच केला, एकटीनं. नवरा हॉस्पिटलात ड्यूटीवर. आई रोज जेवायच्या आधी गायीचा घास काढायची. मीही काढला. पण इथे हिवाळ्यात गायी गोठ्यात बंद! घास हातात घेऊन मी परसात उभी, आणि कुंपणापलीकडे ती. एक हरिणी. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळलेली. मी घास खाली ठेवला. तिनं खाल्ला. आई गेल्यावर पहिल्यांदा मी रडले, हमसून हमसून.

तिथेच थांबायचं ना?

शेजारची नोरीन, सत्तरी ओलांडलेली, एकटी, तीही या हरिणीला खायला घालायची. मूठभर सुकं गवत, बस. कुंपणावरून मला म्हणाली होती, "जास्त नको हं देऊस. हिवाळ्यात त्यांना जड काही पचत नाही." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, काय कंजूस बाई! एवढ्यानं कुणाचं पोट भरतं? आमच्याकडे पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तरी वाढतात. आई तर बोटांच्या फटीतून वाढायची.

मग मीही वाढत गेले. नोरीनला दिसणार नाही अशा कोपऱ्यात. भात. तूप-गूळ लावलेल्या पोळ्या. भिजवलेले गहू, रोज थोडे जास्त. ती खायची आणि मला वाटायचं (कसं सांगू?) आई जेवली. फोनवर आधी "जेवली का गं बाई?" विचारणारी माझी आई. तिला मी कधी उलटून विचारलं होतं? आता विचारत होते. "घे गं, अजून एक घे," असं त्या मुक्या जिवाला विनवत होते.

जानेवारीतल्या एका सकाळी ती कुंपणाशी आडवी पडली होती. पोट टम्म फुगलेलं, तोंडाला फेस, अंग गार. शेजारी माझे उरलेले गहू. ते मी — हो, तेही सांगते — नोरीन यायच्या आत बुटानं मातीत दाबले.

नोरीन आली. हरिणीपाशी वाकली. मग म्हणाली, "माझ्या गवताला बुरशी असेल का गं? नजर अधू झालीय. दिसली नसेल मला."

एक शब्द पुरे होता. नाही. एवढाच. मी म्हटलं, "असेल कदाचित."

असेल कदाचित! जीभ झडली कशी नाही माझी?

त्यानंतर नोरीननं कुणालाच खायला घातलं नाही. पाखरांसाठी टांगलेली दाण्यांची जाळीसुद्धा काढून टाकली. कशी आहेस विचारलं की "ग्रँड", म्हणजे मजेत, म्हणायची आणि दार लावून घ्यायची. उन्हाळ्यात ती मुलीकडे कॉर्कला राहायला गेली, कायमची. जाताना शेडची किल्ली माझ्या हातात दिली. "ते गवत तेवढं जाळून टाक. माझ्याच्यानं होत नाही." मला मिठी मारली. कितीतरी महिन्यांनी मला कुणी बाईमाणसानं मिठी मारली होती. मी सोडेचना.

शेड उघडली. भारा सोडून कोपरापर्यंत हात आत घातला, मूठ नाकाशी नेली. कोरडं, गोडसर वासाचं गवत. बुरशीचा एक ठिपका नाही. तेव्हा आई हवी होती मला. जवळ घ्यायला नव्हे, कानाखाली वाजवायला. तिनं हात धरून फोनापाशी नेलं असतं, नोरीनला खरं सांगायला.

मी ते चांगलं गवत परसात नेऊन जाळलं. सगळं. मग कॉर्कला फोन लावला आणि जाळलं म्हणून सांगितलं.

नोरीन म्हणाली, "थँक यू, लव्ह."