पिशाच्चाचा शेवट

बुलढाण्यातल्या आमच्या वाचनालयात पुस्तकं देणारे गृहस्थ कधी बसत नाहीत. खुर्चीवर त्यांचा डबा असतो. बोलण्याच्या भरात ते हातातला शिक्का हवेतच मारतात.

"रक्तपिशाच्चाचा जुना पिच्चर पाहा, सर. नव्यातला पिशाच्च रडते. रक्त पिणाऱ्याले रडू काऊन येईन?"

पुस्तकावरून काढलेला चित्रपट त्यांच्या मते चोखलेली कोय. कुणी पुस्तक नेलं की शेवट मात्र ते दारातच सांगून टाकतात.

पत्नी गेल्यावर महिन्याने मी तिचं पिशाच्चाचं पुस्तक परत करायला आणि तिचं नाव कमी करायला गेलो. दवाखान्यात मीच तिला ते वाचून दाखवत होतो, अर्धं राहिलं. मला तिथे उभं राहवत नव्हतं. त्यांनी पुस्तक उघडलं, मधली खूण पाहिली आणि हातातला शिक्का हवेतच थांबवला.

"शेवट काय आहे हो?" मीच विचारलं.

"पिच्चरमंधी तं बदलवला, सर. पुस्तकातला मी नाही सांगत." त्यांनी तिच्याच कार्डावर पुढची तारीख टाकली. "वहिनीचं वाचून होऊ द्या आधी. नावाचं मग पाहू."

घरी पोचेपर्यंत धीर निघाला नाही. वाचनालयाच्या पायरीवरच बसलो आणि खुणेपासून पुढे मोठ्याने वाचू लागलो.